ट्रेलर सुटला की सोडला?

१

शाळेला सुट्टी होती म्हणून निभावलं. नसती तर काय झालं असतं, हे नंतर कितीतरी दिवस कोणी तोंडातून काढलं नाही.

घाटाच्या पायथ्याशी रस्त्याला लागूनच ती शाळा. शिपाई एकटाच व्हरांड्यात डबा उघडून बसला होता. आधी त्याला दगड घरंगळल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, मग बूड टेकलेली फरशीच हादरली. मान वर करून बघतो तर पटांगणाची भिंत आडवी झालेली आणि तिच्यातून एक भलामोठा हिरवा ट्रेलर पाठीकडून आत घुसलेला. त्याच्यावर दोरखंडांनी बांधलेला जनरेटर. ओढायचा दांडा रस्त्याकडे, आणि दांड्यापुढे काहीच नाही. ट्रक नाही, माणूस नाही.

ट्रेलर कोणाचा हे विचारायची गरज नव्हती. त्या भागात तसला हिरवा रंग एकाच आवारातून बाहेर पडायचा. लष्करातून निवृत्त झालेले ट्रक आणि ट्रेलर लिलावात घ्यायचे, खोलून, साफ करून पुन्हा उभे करायचे आणि जिथे दुसऱ्या कोणाची गाडी चढत नाही तिथे माल ओढून न्यायचा, हा मालकांचा आयुष्यभराचा धंदा. जनरेटर घाटमाथ्यावरच्या दवाखान्यासाठी निघाला होता. ट्रक चालवत होते मालकांचे जावई.

जावई थोड्या वेळाने घाटातून खाली आले ते पांढरेफटक पडलेले. "चढावर मागून हिसका बसला," ते म्हणाले. "आरशात बघतो तर ट्रेलर नाही. वळायला जागा नव्हती, म्हणून वर जाऊन वळून आलो."

ट्रकच्या मागचा हूक सगळ्यांनी पाहिला. हूक कसला, मगरीसारखा लोखंडी जबडाच तो. ट्रेलरचं कडं त्याच्यात बसवायचं, जबडा मिटायचा आणि वरून पिन घालायची, म्हणजे तो उघडत नाही. आता जबडा उघडा होता. पिन नव्हती.

पिन लावायचं काम आवारातल्या जुन्या मिस्त्रींचं, वस्तादांचं.

"पिन लावली होती?" मालकांनी विचारलं.

"लावली होती, मालक."

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारलं तेव्हा वस्ताद म्हणाले, "लावली असणार." आणि त्यानंतर पुन्हा कोणी विचारलं तेव्हा हातांकडे बघत म्हणाले, "आठवत नाही हो."

पोलिसांनी निष्काळजीपणा असं लिहून घेतलं आणि ते गेले. वस्ताद आपल्या खोलीत जाऊन बसले ते बाहेर आलेच नाहीत.

२

आवारातल्या कचेरीच्या वर दोन खोल्या होत्या. तिथे मालकांची थोरली बहीण राहायची. वाहन खात्यात राहून अपघातांच्या चौकशा करण्यात तिची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर ती भावाकडे आली आणि भाच्यांची होती तशी सगळ्या आवाराचीच आत्या झाली. गुडघे कुरकुरायचे म्हणून फारशी खाली उतरायची नाही. खिडकीत बसून उलट्या चष्म्याच्या काडीने कान कोरत सगळ्यांवर नजर ठेवायची.

वस्तादांची बायको जिना चढून तिच्याकडे आली.

"आत्या, चूक त्यांची असेल तर तसं सांगा. मी ऐकून घेईन," ती म्हणाली. "पण खरं काय ते एकदा कळू दे. रात्रीतून चारदा उठतात. दाराला कडी लावली का बघतात, परत येऊन निजतात, परत उठतात. काल भाजीत मीठ घातलं का हे मला विचारत होते. भाजी मी केली होती."

आत्यांनी चष्मा नाकावर चढवला. "माझी काठी दे."

वस्ताद खाटेवर बसले होते. आत्यांनी पिनेचं नावही काढलं नाही. गुडघ्यांबद्दल बोलल्या, तेल कोणतं लावता विचारलं. मग सहज म्हणाल्या, "वस्ताद, मी विसरत चालल्ये. त्या जुन्या ट्रेलरला हवेच्या नळ्या असतात ना ट्रकपासून आलेल्या, त्या तुटल्या तर काय होतं?"

"काय व्हायचंय? ट्रेलरच्या टाकीतली हवा ब्रेकला लागते. चाकं जागच्या जागी जाम. सैन्याचा माल आहे आत्या, असाच केलाय. निसटला तरी पाच-दहा हातांवर..."

वस्ताद बोलायचे थांबले. त्यांनी आत्यांकडे बघितलं.

"मग तो घाट उतरून शाळेपर्यंत आला कसा?" आत्यांनी विचारलं.

३

आत्या कचेरीत शिरल्या तेव्हा पुतण्या फोनवर बोलत होता. त्यांना बघताच त्याने फोन ठेवला. हा मालकांच्या धाकट्या, गेलेल्या भावाचा मुलगा. आवारातला कागदपत्रांचा कारभार त्याच्याकडे. जुन्या गाड्यांचा त्याला मनापासून कंटाळा. 'भंगाराचं म्युझियम' हा त्याचा लाडका शब्द, काका जवळपास नसताना वापरायचा.

"अरे, त्या दिवशी ट्रक निघायच्या आधी तू मागे वाकून काय करत होतास?"

"मी? कुठे?"

"माझे गुडघे गेलेत, डोळे नाहीत. हुकापाशी उकिडवा बसला होतास."

पुतण्याने टेबलावरचं पंचिंग मशीन उचलून पुन्हा ठेवलं. "आत्या, माझ्यावर संशय घेतेस?"

"घेऊ का?"

 मग उठून त्याने दार लोटलं आणि खिशातून मोबाईल काढला. "काकांना सांगू नकोस. फोटो काढत होतो. एक गिऱ्हाईक आहे, त्याला असले ट्रेलर जसेच्या तसे हवेत. मी सगळ्या ट्रेलरांचे फोटो त्याला पाठवतोय. म्हणून तर रंग मारून घेतले ना नव्याने. काका मरेपर्यंत विकणार नाहीत, म्हटलं आधी भाव तर येऊ दे, मग बोलू."

आत्यांनी फोटो मोठा करून पाहिला. मिटलेला जबडा, आत ट्रेलरचं कडं आणि वर, सकाळच्या उन्हात चमकणारी पिन. अगदी बुडापर्यंत बसलेली.

"हा फोटो तुझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे," आत्या म्हणाल्या.

पुतण्याने मान खाली घातली.

"तो माणूस तिकडे भाजीत मीठ घातलं का म्हणून विचारतोय. आणि तू खिशात हे घेऊन फिरतोयस!"

"मी सांगणारच होतो गं. पण मग कशाला काढलास फोटो, हे आलंच असतं..."

"आता माझ्याबरोबर शाळेत चल. गाडी तू चालव. हळू चालव."

म्हणजे आवारातून निघताना पिन होती. आणि पिन आपण होऊन उडी मारून बाहेर पडत नाही. वाटेत कोणीतरी ती हाताने काढली होती.

४

ट्रेलर तसाच भिंतीत रुतून होता. आत्यांनी आधी त्याच्याभोवती एक फेरी मारली, मग शिपायाकडे खुर्ची मागितली आणि दांड्यासमोर बसूनच घेतलं.

"नळ्या बघ," त्या पुतण्याला म्हणाल्या.

ट्रेलरच्या पुढच्या अंगाला हवेच्या दोन्ही नळ्या आणि दिव्यांची वायर आपापल्या खोबणीत व्यवस्थित गुंडाळून ठेवलेल्या होत्या. कुठे फाटलेलं नाही, ओरबाडलेलं नाही. नळ्यांच्या तोंडांवर धूळ जाऊ नये म्हणून असलेली रबरी झाकणंसुद्धा लावलेली.

"धावता ट्रेलर निसटला असता तर या नळ्या ताणून तुटल्या असत्या," आत्या म्हणाल्या. "हा निसटलेला नाही. उभा करून, नळ्या काढून, झाकणं लावून सोडलेला आहे."

"पण नळ्या काढल्या की ब्रेक लागतात ना?"

"लागतात. पण नुसत्या हवेवर. टाकी जुनी, हवा हळूहळू गळते. तास-दीड तास उभा राहिला की ब्रेक ढिले पडतात आणि चढावर असला तर निघाला मागे. म्हणून तर चाकाखाली ठोकळे लावायचे असतात. ठोकळे कुठेत बघ."

ट्रेलरच्या दोन्ही अंगांना लाकडी ठोकळे अडकवायच्या लोखंडी पकडी होत्या. उजवीकडची पकड रिकामी होती. डावीकडे ठोकळा जागेवरच होता. पुतण्याने तो ओढून पाहिला, दोन्ही हातांनी ओढला, हलला नाही. नव्या रंगाचा जाड थर ठोकळा आणि पकड यांच्यावरून सलग गेला होता आणि वाळून दगड झाला होता.

"रंगाऱ्याने वरूनच फासलाय," पुतण्या पुटपुटला.

"त्याच्या कडेला काय आहे?"

तो खाली वाकला. रंगावर ताजे ओरखडे होते. कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर किंवा तसलंच काही घालून ठोकळा उचकटायची जिवापाड खटपट केली होती. एका ठिकाणी रंग पार लोखंडापर्यंत निघाला होता.

 त्या ओरखड्यांकडे आत्यांनी इतका वेळ पाहिलं की पुतण्याला अवघडल्यासारखं झालं.

"आत्या, जावयांनी मुद्दाम सोडला का गं?"

"मुद्दाम ट्रेलर दरीत घालवणारा माणूस ठोकळ्यासाठी नखं मोडून घेतो का? ट्रेलर हलू नये अशी त्याची फार इच्छा होती रे. पण त्याला कुठेतरी जायची त्याहून जास्त घाई होती."

५

संध्याकाळी ट्रक आवारात लागला होता. जावई कुठे दिसत नव्हते. आत्यांनी हुकाच्या जबड्यातून बोट फिरवलं. वस्ताद तिथे नेहमी भरपूर ग्रीस लावत. लोखंडी कडं घासतं तिथे ग्रीस दाबून चपटं होतं, ते होतंच. पण वरच्या बाजूला, जिथे कड्याचा स्पर्शही होत नाही, तिथे ते पुसून गेलं होतं. आणि बोटाला निळे धागे चिकटून आले. नायलॉनच्या दोराचे, बारीक, तुटलेले.

आवारात निळा दोर नव्हता. मालकांना नायलॉनची चीड. ते साखळी किंवा तारदोरच वापरत.

आत्या तशाच मालकांच्या घरात गेल्या. मालकांची लेक ओट्याशी कणीक मळत होती.

"काय गं, नवरा जेवतो का नीट?"

"कुठलं हो आत्या. ताट समोर घेऊन बसतात नुसते." तिने कणकेत आणखी पाणी घातलं. "मी म्हणते, झालं ते झालं. निदान माणसं तरी सगळी सुखरूप आहेत. भाऊजी पण परवा तेच..."

तिचे हात कणकेत थांबले.

"कोण भाऊजी?" आत्यांनी हळूच विचारलं.

"नाही, म्हणजे... शेजारचे."

"शेजारी एक बिनलग्नाची बाई आणि तिचं कुत्रं राहतं."

लेक पुन्हा कणीक मळायला लागली. आत्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या वर आपल्या खोलीत निघून गेल्या.

जावयांना भाऊ एकच होता, धाकटा. तोही पूर्वी याच आवारात ट्रक चालवायचा. एकदा उतारावर गिअर काढून गाडी सोडली आणि मालकांचा पहिला, सगळ्यात लाडका ट्रक उलटवला. माणूस वाचला, ट्रक गेला. 'त्याचं नाव या आवारात काढायचं नाही,' असं मालक तेव्हा म्हणाले. आणि खरोखरच त्यानंतर कोणी काढलं नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी सगळ्यांना कचेरीत बोलावलं. वस्ताद यायला तयार नव्हते. त्यांची बायको त्यांना हाताला धरून घेऊन आली. मालक टेबलामागे बसले, जावई दाराशी उभे राहिले.

आत्यांनी आधी पुतण्याला फोटो दाखवायला लावला. मालकांनी तो पाहिला, मग न बोलता मोबाईल वस्तादांपुढे धरला. वस्तादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला.

"कशाला काढला होता फोटो, ते तो तुला नंतर सांगेल," आत्या भावाला म्हणाल्या. "आणि तू नंतरच ओरड. आता ऐक."

मग त्यांनी नळ्यांचं सांगितलं, झाकणांचं सांगितलं, रंगाने चिकटलेल्या ठोकळ्याचं सांगितलं. बोटावरचे निळे धागे त्यांनी कागदात पुडी करून ठेवले होते, ते टेबलावर उघडले.

"ट्रेलर चढावर थांबवून सोडला. एक ठोकळा लावला, दुसरा निघेना. हवेच्या भरवशावर ट्रेलर तिथेच ठेवला आणि ट्रक एकटा वर गेला. कारण वर कोणाला तरी दोर लावून ओढायचं होतं, आणि इतकं वजन मागे असताना घाटाच्या वळणावर ते जमलं नसतं. हा निळा दोर त्या दुसऱ्या गाडीतला. काम झाल्यावर दोर सोडताना पिन तिकडेच कुठेतरी राहिली. इकडे तोवर टाकीतली हवा संपली. एकटा ठोकळा किती तग धरणार? इतपत मला कळलं." त्या जावयांकडे वळल्या. "एकच कळत नव्हतं. अडल्या गाडीला ओढायला जाणं हे काही पाप नाही. तुमच्या सासऱ्याने तर पाठ थोपटली असती. मग तुम्ही लपवलंत का? म्हणजे लपवण्यासारखं काम नव्हतं, नाव होतं. जावईबापू, ती गाडी कोणाची होती?"

 जावई मालकांकडे न बघता बोलायला लागले.

"धाकट्याची. हल्ली तो घाटात जीप चालवतो, सवाऱ्यांची. त्याचा फोन आला तेव्हा मी घाटातल्या पहिल्याच सरळ चढावर होतो. वरच्या वळणाला कठडा फुटून त्याच्या जीपचं मागचं एक चाक बाहेर लटकत होतं. आत माणसं होती. हलली की जीप हलायची, म्हणून कोणी उतरतही नव्हतं. तो फोनवर रडत होता, बाबा. मी त्याला रडताना कधी ऐकलं नव्हतं."

"काढली जीप?" मालकांनी विचारलं. आवाज बसलेला होता.

"काढली. वेळ लागला, पण काढली. सगळे उतरले, तेव्हा मीही खाली टेकलो. थोडा वेळ तिथेच बसून राहिलो. तिथे बसायला नको होतं. खाली आलो तर... रस्ता रिकामा. मला आधी वाटलं, आपलं वळण चुकलं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "वर कशाला गेला होतात, असं तुम्ही विचारलं असतं. मी हिसका बसला म्हणून बोलून गेलो. पिन नाही हे तेव्हा माझ्याही लक्षात नव्हतं. सगळे वस्तादांकडे बघायला लागले आणि मग... मग मला तोंडच उघडेना."

"जीपमध्ये कोण कोण होतं?"

"दोन म्हातारी माणसं. एक बाई होती, तिच्या मांडीवर तान्हं मूल."

मालकांनी टेबलावरच्या धाग्यांची पुडी पुन्हा मिटली. "आणि एवढं करून आलात, ते मला सांगायची तुम्हाला भीती वाटली," ते म्हणाले. "असा माणूस आहे होय मी." ते कोणाला विचारत होते ते कळलं नाही. 

"घाईतही नळ्यांना झाकणं लावलीत तुम्ही," आत्या जावयांना म्हणाल्या. "नसती लावली, तर मला जरा जास्त वेळ लागला असता."

"हाताला सवय आहे. वस्तादांनीच लावली ती. सुरुवातीला झाकण विसरलो की पान्ह्याने बोटावर मारायचे."

जावई वस्तादांसमोर गेले आणि खाली वाकले. वस्तादांनी पाय मागे घेतले.

"नको," ते म्हणाले. "उठा. जीप काढलीत ते चांगलंच केलंत, मीही तेच केलं असतं. पण मी या हातांना काय काय बोललोय ते तुम्हाला ठाऊक नाही, जावईबापू. ते आज पाया पडून मिटायचं नाही."

ते उठले आणि बायकोबरोबर निघून गेले. दाराबाहेर गेल्यावर त्यांनी तिचा हात सोडला आणि एकटे चालू लागले.

७

शाळेच्या मुख्याध्यापकबाईंकडे मालक स्वतः गेले. चूक आमच्या घरातली आहे, भिंत आम्ही बांधून देऊ, असं म्हणाले. पुतण्याला त्यांनी दोन दिवस काही विचारलंच नाही, आणि त्या न विचारण्याने तो अर्धा झाला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझ्या त्या गिऱ्हाइकाला बोलाव. बघू तरी काय म्हणतो. पण रंग यापुढे माझ्या देखत मारायचा."

मग ट्रेलर बाहेर काढायची वेळ आली. एका ट्रकने पुढे ओढायचं आणि दुसऱ्याने मागून साखळी ताणून धरायची, नाहीतर उरलेली भिंतही जनरेटरबरोबर यायची. दुसऱ्या ट्रकला चालक हवा होता. मालकांनी कचेरीच्या दारातून जावयांना हाक मारली.

"त्याचा नंबर द्या."

"कोणाचा?"

"कोणाचा काय? तुमच्या भावाचा. दुसरा कोण आहे इथे, ज्याला लष्कराच्या ट्रकचा क्लच कळतो?"

धाकटा आला तो फाटकाबाहेरच घुटमळला. मालक त्याच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. फक्त जवळ जाऊन किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड क्षणभर धरला. तो अजून शाबूत आहे ना, हे बघावं तसा.

त्या दिवशी शाळा भरली होती. मुलांना वर्गाबाहेर यायला बंदी होती, म्हणून सगळ्या खिडक्या डोक्यांनी भरून गेल्या होत्या. दोन्ही ट्रक जागेवर लागले, साखळ्या चढल्या, आणि सगळं तयार आहे असं मालकांना वाटलं तेवढ्यात रस्त्याने वस्ताद येताना दिसले. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती. कोणाशी न बोलता ते ट्रेलरखाली शिरले, बाहेर आले, साखळीला एक लाथ घातली.

"ही कोणी बांधली? अशी बांधतात? मान जाईल एखाद्याची! ए धाकट्या, इंजिन बंद कर आधी. तोंड काय बघतोस! आणि तुम्ही जावईबापू, तुम्हाला काय वेगळं निमंत्रण पाहिजे? सोडा ती, पुन्हा घ्या. हळू! हळू म्हणजे कळतं का?"

दोघे भाऊ मान खाली घालून साखळी सोडायला लागले. धाकटा हसू दाबत होता. थोरल्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

आत्या झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुख्याध्यापकबाई त्यांच्याजवळ आल्या.

"तुमचे मिस्त्री भलतेच ओरडतात हो," त्या कुरकुरल्या. "वर्गात काही ऐकू येत नाहीये."

"थोडं चालवून घ्या," आत्या म्हणाल्या. "बरेच दिवस तोंड उघडलं नव्हतं त्यांनी."